गवत तुमचं, माती आमची: रापा नुई बेटावरचं पर्यटन आणि तिथल्या माणसांची नाळ

पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई, म्हणजे नकाशावरच्या ईस्टर आयलंड, बेटाच्या घराघरांत एक आठवण पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. 9 सप्टेंबर 1888 रोजी चिलीच्या आरमाराचा अधिकारी पोलिकार्पो तोरो हे बेट चिलीच्या नावावर करून घ्यायला आला. करार झाला, तेव्हा बेटाचा प्रमुख आतामू तेकेना खाली वाकला आणि त्यानं गवताचा एक झुपका मुळासकट उपटला. वरचं गवत तोरोच्या हातात दिलं आणि मुळांना चिकटलेली माती स्वतःच्या मुठीत ठेवली. गवत तुमचं, माती आमची.

कराराच्या स्पॅनिश मजकुरात यातलं काही नाही. तिथे बेटाचं संपूर्ण सार्वभौमत्व कायमचं आणि विनाअट दिल्याचं लिहिलं आहे. ताहितियन शब्द मिसळलेल्या रापा नुई भाषेतला मजकूर त्याच्याशी जुळत नाही. तेव्हापासून आजवर या बेटावर जे जे भांडण झालं, त्याच्या तळाशी गवत कोणतं आणि माती कोणती हाच प्रश्न आहे. मेंढ्यांची कंपनी आली तेव्हा हाच, राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हाही हाच. विमानं भरभरून पर्यटक येऊ लागले तेव्हाही हाच.

पर्यटन वाढलं की बेटावरच्या माणसांचं आपल्या जागेशी असलेलं नातं कसं बदलतं, हा या प्रकरणाचा विषय आहे. यावर अभ्यासकांच्या दोन जुन्या मांडण्या आहेत आणि आजही त्याच पहिल्यांदा पुढे केल्या जातात. 1975 साली डॉक्सी यांनी यजमानांच्या मनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: आधी आनंद, मग सवय, मग चीड, शेवटी वैर. 1980 साली बटलर यांनी ठिकाणाचं आयुष्य मांडलं: शोध लागतो, लोक सामील होतात, भरभराट होते, वाढ थबकते, आणि मग उतरण लागते किंवा नवं वळण मिळतं. दोन्ही मांडण्यांत गृहीत असं की पाहुणे वाढत गेले की नातं विटत जातं. रापा नुईचा इतिहास बारकाईनं पाहिला, तर पाहुण्यांचा आकडा फार थोडं सांगतो असं माझं मत झालं आहे. पाहुण्यासाठी दार उघडायचं की नाही हे कोण ठरवतं, यावरून बरंच जास्त कळतं.

बेट केवढं, माणसं किती

रापा नुई जेमतेम 163 चौरस किलोमीटरचं आहे. चिलीच्या किनाऱ्यापासून ते सुमारे 3,500 किलोमीटर दूर आहे. सान्तियागोहून विमानानं पाचेक तास लागतात. मोठ्या जहाजाला लागण्याजोगं बंदर नाही. मालवाहू जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं, माल छोट्या तराफ्यांवर उतरवून किनाऱ्याला आणतात, आणि समुद्र खवळला की जहाज दिवसचे दिवस तसंच थांबून राहतं. जवळपास सगळी वस्ती हांगा रोआ या एकाच गावात आहे. ज्यांच्यासाठी जग इथे येतं, ते मोआई, म्हणजे दगडी पूर्वज, हजाराच्या आसपास आहेत. त्यातले बहुतेक रानो राराकू या ज्वालामुखीच्या उतारावरच्या खाणीत घडले, आणि चारेकशे अजून तिथेच आहेत, कुणी अर्धवट कोरलेले, कुणी छातीपर्यंत मातीत गेलेले.

मोआई ज्यांवर उभे केले जात त्या दगडी चौथऱ्यांना आहू म्हणतात. अनेक आहूंमध्ये माणसं पुरलेली आहेत. पर्यटकाला तिथे फोटोची जागा दिसते, घरच्याला आजोबा-पणजोबांचं थडगं दिसतं. पुढचं बरंचसं दुखणं या फरकातून आलं आहे.

1862-63 मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी बेटावरची माणसं पळवून नेली. जी थोडी परत आली, त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. 1877 मध्ये बेटावर 111 रापा नुई, म्हणजे बेटाचे मूळ लोक, उरले होते. तोवर मेंढपाळही आले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1953 पर्यंत एका ब्रिटिश-चिलियन कंपनीनं जवळजवळ सगळं बेट मेंढ्यांचं कुरण म्हणून चालवलं, आणि माणसांना हांगा रोआच्या भिंतीआड ठेवलं. परवानगीशिवाय भिंतीबाहेर जायचं नाही. स्वतःच्या आहूपर्यंत जायलाही परवानगी. 1933 मध्ये चिली सरकारनं बेटाची जमीन सरकारी म्हणून नोंदवून टाकली आणि 1935 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. कंपनी गेल्यावर आरमार आलं. त्या काळात बेट सोडायलाही परवानगी लागे. काही तरुण लहान होड्यांतून खुल्या महासागरात पळाले आणि त्यातले सगळेच कुठे पोहोचले नाहीत.

बेटावरच्या नात्याबद्दल बोलताना हा भाग गाळून थेट पर्यटनावर येणं मला चुकीचं वाटतं. इथली माणसं पर्यटकांच्या आधी पाऊणशे वर्षं स्वतःच्या बेटावर परकी झालेली होती.

विमान आणि मोकळीक एकाच दारानं

1964 च्या शेवटी आल्फोन्सो रापू या बावीस वर्षांच्या शिक्षकाच्या मागे बेट उभं राहिलं. मागण्या साध्या होत्या: फिरण्याची मोकळीक, मताचा हक्क, आपला महापौर आपण निवडणं. 1966 मध्ये चिलीनं कायदा करून रापा नुईंना पूर्ण नागरी हक्क दिले. त्याच सुमाराला बेटावरच्या मातावेरी विमानतळाची धावपट्टी तयार झाली, आणि 1967 मध्ये नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली.

या तारखा एकमेकींना किती लागून आहेत ते पाहा. भिंत पडली आणि विमान उतरलं, यांत तीन वर्षांचंही अंतर नाही. त्यामुळे इथे पर्यटनाकडे पहिल्यांदा आक्रमण म्हणून कुणी पाहिलंच नाही. ज्या पिढीला गावाबाहेर पाऊल टाकायला परवाना लागत होता, त्या पिढीकडे आता माणसं दूरदेशाहून येऊन तुमच्या आजोबांबद्दल सांगा म्हणू लागली. शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल ज्यांनी बोलणी खाल्ली, त्यांना त्याच भाषेतली गाणी गाण्याचे पैसे मिळू लागले. कोरीवकाम, नाच, अंगावर रंगमातीनं काढायच्या आकृत्या, सगळ्याला पुन्हा मोल आलं. बाजारानं आलेलं मोल खोटंच असतं असं मानणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. हरवत चाललेल्या गोष्टीला पोट भरण्याचं काम मिळालं तर ती आणखी एक पिढी टिकते, आणि तेवढ्या काळात तिला दुसरी कारणंही सापडू शकतात.

तापातीचंच उदाहरण घेऊ. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हा उत्सव होतो. चढाओढीला दोन उमेदवार, त्यांच्यामागे दोन गोट, आणि प्रत्येक गोटात घराणीच्या घराणी. एका डोंगरउतारावरून केळीच्या दोन खोडांच्या घसरगाडीवर, जवळपास उघड्या अंगानं, तरुण पोरं खाली झेपावतात. याला हाका पेई म्हणतात, आणि यात हाडं मोडतात. रानो राराकूच्या विवरातल्या तळ्यात लव्हाळ्याच्या तराफ्यावरून वल्हवायचं, मग खांद्यावर केळीचे घड घेऊन पळायचं, मग पोहायचं. गाणी, जुन्या कथा, दोऱ्याच्या आकृत्या, मासेमारी, कोरीवकाम, शेतातलं पीक, सगळ्याला गुण. पर्यटक हजारोंनी येतात, मिरवणुकीत अंगाला रंग लावून नाचतातही. पण गुण त्यांच्यासाठी मोजले जात नाहीत. कुणाच्या आजीला कुठलं गाणं पूर्ण येतं, कुणाच्या मळ्यात मोठे कंद पिकले, यावर दोन घराण्यांत जी ईर्ष्या लागते ती पाहुण्याला कळतही नाही. उत्सवाला पैसा आणि प्रेक्षक बाहेरचे असले, तरी चढाओढ घरातली राहिली. त्यामुळे तो नुसता खेळ दाखवण्याचा कार्यक्रम झाला नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. चिलीच्या 1993 च्या आदिवासी कायद्यानुसार बेटावरची खाजगी जमीन रापा नुईखेरीज कुणाच्या नावावर होऊ शकत नाही. जगातल्या बहुतेक पर्यटनबेटांवर पहिला घाला जमिनीवर पडतो. किनारा विकला जातो आणि विकणाऱ्याची मुलं त्याच किनाऱ्यावर गणवेश घालून चहा आणून देतात. इथे ते व्हायला कायद्याची आडकाठी आहे. त्यामुळे राहण्याची बरीचशी ठिकाणं कुटुंबांची आहेत: अंगणात चार खोल्या, मागे केळी, विमानतळावर हार घेऊन आलेला घरचाच माणूस. पळवाटा निघाल्या, भाड्याचे आणि भागीदारीचे व्यवहार झाले, हे खरं. तरीही पाहुणा ज्या घरात उतरतो ते घर बहुतेक वेळा त्या जमिनीच्या माणसाचंच असतं.

राग कुठे निघाला

1987 मध्ये अमेरिकेच्या नासानं अंतराळयानाच्या आपत्कालीन उतरण्यासाठी मातावेरीची धावपट्टी वाढवली. अंतराळयान कधी उतरलं नाही, पण मोठी प्रवासी विमानं उतरू लागली. 1995 मध्ये उद्यानाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. 1990 च्या सुमारास वर्षाला काही हजार पर्यटक येत. 2010 चं दशक संपताना हा आकडा लाखावर गेला. त्याच काळात वस्तीही वाढली: 2002 च्या जनगणनेत 3,791, 2017 च्या जनगणनेत 7,750. पंधरा वर्षांत दुप्पट. 2017 मध्ये स्वतःला रापा नुई म्हणवणारे निम्म्याहून कमी भरले. बाकीचे मुख्यत्वे चिलीच्या मुख्य भूमीवरून कामासाठी आलेले. त्यांना इथे सरसकट 'कोंती' म्हणतात.

या वाढीचा ताण उघड आहे. कचरा टाकायला जागा नाही, गोडं पाणी जमिनीखालच्या साठ्यातून, वीज डिझेलवर, आणि गावात मोटारींची रांग. 2008 मध्ये एका फिनिश पर्यटकानं आनाकेना किनाऱ्यावरच्या एका मोआईच्या कानाचा तुकडा तोडला. त्याला सुमारे 17,000 डॉलर दंड आणि तीन वर्षं बेटबंदी झाली. डॉक्सींच्या जिन्यावर हे बेट आता तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असायला हवं होतं.

आता राग प्रत्यक्षात कुठे कुठे निघाला ते पाहू. ऑगस्ट 2009 मध्ये लोकांनी विमानतळाची धावपट्टी अडवली. मागणी होती मुख्य भूमीवरून येऊन कायमचं राहणाऱ्यांवर नियंत्रणाची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मतदान झालं, आणि अशा नियंत्रणासाठी घटनेत बदल करण्याच्या बाजूनं जवळजवळ एकमुखी कौल पडला. 2010 मध्ये एका कुटुंबानं, आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका मोठ्या हॉटेलात ठाण मांडलं. पोलिसांनी त्यांना हुसकावलं. त्याच आंदोलनात डिसेंबरमध्ये गावात पोलिसांच्या छऱ्यांच्या बंदुका चालल्या, लोक जखमी झाले. मार्च 2015 मध्ये रापा नुई पार्लमेंट या संघटनेनं उद्यानाच्या वाटा अडवून तिथला ताबा घेतला. ऑगस्टमध्ये तिच्या पुढाऱ्याला अटक झाली.

धावपट्टी, हॉटेल, उद्यानाची चौकी. तिन्ही ठिकाणी पर्यटकाची वर्दळ आहे, पण एकाही ठिकाणी पर्यटक निशाण्यावर नव्हता. तिन्ही जागी मागणी होती ती दाराची. आत कोण येणार, कोण राहणार, जमीन कुणाची, तिकिटाचे पैसे कुठे जातात. उद्यान बेटाच्या सुमारे 40 टक्के भागावर पसरलेलं आहे आणि त्याचा कारभार तेव्हा चिलीच्या वनखात्याकडे होता. आजोबांच्या आहूशेजारी दुसऱ्याच कुणीतरी चौकी टाकली आहे, तिकीट फाडतो आहे, आणि पैसे पाचेक तासांवर उडून जात आहेत, ही कल्पना करून पाहा. ही चीड गर्दीची नाही. मेंढ्यांच्या काळात आहूपर्यंत जायला परवाना मागावा लागे, त्याचीच ही पुढची कडी होती.

नात्याच्या प्रश्नावली घेऊन जाणारा अभ्यासक इथे सहज फसू शकतो. ज्याचा जागेशी जीव जडलेला असतो तोच सर्वांत जास्त चिडतो. पर्यटनाबद्दल नाराजी वाढली म्हणजे बेटाबद्दलची ओढ आटली, असं समीकरण मांडलं तर 2009 ते 2015 चा काळ ओहोटीचा ठरेल. मला तो भरतीचा वाटतो.

दाराची किल्ली

2017 च्या नोव्हेंबरमध्ये, मिशेल बाचेलेत यांच्या अध्यक्षपदाच्या शेवटच्या महिन्यांत, राष्ट्रीय उद्यानाचा कारभार माऊ हेनुआ या रापा नुई समाजाच्या संस्थेकडे पन्नास वर्षांसाठी सोपवण्यात आला. परदेशी पाहुण्याच्या तिकिटाचे पैसे, तेव्हा 80 डॉलर, आता बेटावर राहू लागले. चौक्यांवर बेटाचीच माणसं आली. रानो राराकू आणि ओरोंगो या दोन ठिकाणी एका तिकिटावर एकदाच जाता येतं. पुढे, बेट पुन्हा उघडल्यावर, बहुतेक ठिकाणी बेटाच्या मान्यताप्राप्त वाटाड्याशिवाय जाता येणार नाही असा नियम झाला.

वाटाड्याचा हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. पर्यटकांच्या तक्रारी याच्याबद्दलच जास्त असतात: खर्च वाढतो, एकट्यानं भटकता येत नाही. पण बेटाच्या बाजूनं पाहिलं तर, रोज सकाळी कुणीतरी विशीतला पोरगा किंवा पोरगी परक्या माणसाला स्वतःच्या पूर्वजांची ओळख करून देत असते. त्यासाठी ती गोष्ट आधी स्वतःला यावी लागते. मग ती घरी विचारते, म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसते. नातं सांगता सांगता पक्कं होतं. तेच काम माहितीच्या फलकानं केलं असतं तर पाहुण्याला माहिती तेवढीच मिळाली असती, पण त्या पोरीकडे काही राहिलं नसतं.

दुसरी किल्ली कायद्याची. 2012 मध्ये घटनेत बदल झाला आणि 1 ऑगस्ट 2018 पासून कायदा 21.070 लागू झाला. बाहेरच्या माणसाला, मग तो चिलीचा असो वा परदेशी, बेटावर जास्तीत जास्त 30 दिवस राहता येतं. येताना परतीचं तिकीट, राहण्याच्या ठिकाणाची नोंद किंवा बेटावरच्या कुणाचं निमंत्रण दाखवावं लागतं. रापा नुई, त्यांचे जोडीदार, आईवडील, मुलं यांना ही मुदत नाही. बेटाची धारणक्षमता मोजायची, ती भरत आली की एक अवस्था, भरली की दुसरी अवस्था जाहीर करायची आणि त्याप्रमाणे निर्बंध कडक करायचे, अशीही त्यात तरतूद आहे. देशाच्या एका भागात जायला त्याच देशाच्या नागरिकाला मुदत, हे पचायला कठीण गेलेले लोक चिलीत आहेत. 1966 पूर्वी रापा नुईंना बेट सोडायला परवाना लागत होता, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

माऊ हेनुआच्या कारभारावरही टीका झाली, हिशेबावरून आरोप झाले, घराण्याघराण्यांत तट पडले. ते व्हायचंच. आता भांडण आपसातलं होतं आणि समोर बसून करता येत होतं, एवढा फरक पडला होता.

अठ्ठावीस महिने

मग असं काही घडलं की जे कुठल्याही संशोधकाला मुद्दाम घडवून आणता आलं नसतं. मार्च 2020 मध्ये प्रवासी विमानं बंद झाली. करोनाचे मोजके रुग्ण सापडले आणि फैलाव थांबला. तेव्हाचे महापौर पेद्रो एडमुंड्स पाओआ यांनी घरबंदीला 'तापू' म्हटलं. पोलिनेशियातला हा जुना शब्द: पवित्र म्हणून निषिद्ध, ओलांडायचं नाही असं. सरकारी आदेशापेक्षा तो लोकांना जास्त ओळखीचा होता. ताहितीत गेलेले काही बेटवासी विमान नसल्यामुळे सहा महिने तिकडेच अडकून पडले.

बेटाचं जवळजवळ सगळं उत्पन्न एका आठवड्यात शून्यावर आलं.

जागेशी असलेल्या नात्याचे अभ्यासक दोन पदर मानतात. एक ओळखीचा: ही जागा म्हणजे मी. दुसरा गरजेचा: मला जे हवं ते इथेच मिळतं. एरवी हे दोन्ही पदर एकमेकांत इतके गुंतलेले असतात की वेगळे करता येत नाहीत. पर्यटनाच्या गावात तर नाहीच, कारण तिथे ओळखच विकून गरज भागते. इथे गरजेचा पदर एका फटक्यात तुटला. उरलेल्या पदरावर माणसं तगतात का, हे पाहायला मिळालं.

कामासाठी आलेल्या कोंतींपैकी अनेक जण परत गेले. रापा नुई राहिले, आणि जमिनीकडे वळले. नगरपालिकेनं बियाणं वाटलं. वर्षानुवर्षं पडीक असलेल्या, कुठे भाड्याच्या मोटारी उभ्या राहायच्या त्या तुकड्यांवर रताळी, तारो (अळूचा कंद), केळी, अननस लागले. मानावाई पुन्हा वापरात आले. मानावाई म्हणजे छातीपर्यंत उंच दगडांची गोल भिंत आणि तिच्या आत खोलगट वाफा. या बेटावर वारा थांबत नाही आणि झाडं थोडी. भिंत वारा अडवते, ओल धरून ठेवते, आत केळ तग धरते. असे वाफे बेटभर विखुरलेले आहेत, शेकडो वर्षांपूर्वीचे. पर्यटक त्यांच्याजवळून मोआईकडे जातो आणि ते पाहतही नाही. घरच्यांनाही ते अवशेष झाले होते. आता त्यात पुन्हा माती हलवली गेली. मातीत हात घालायला कारण मिळालं, इतकं शब्दशः.

उमांगा हा शब्दही त्या काळात पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. पर्यटनाच्या भरात मजूर पैशानं मिळत होता, तेव्हा उमांगाची गरज पडत नव्हती. मासे पकडणारे ज्यांना पकडता येत नाहीत त्यांना देऊ लागले. हे सगळं सुखाचं होतं असं चित्र रंगवायचा मोह टाळला पाहिजे. कर्जं होती, मुख्य भूमीवर शिकणाऱ्या मुलांना पैसे पाठवायचे होते, आणि अनेक घरं सरकारी रोजगाराच्या तुटपुंज्या पैशांवर चालली.

तरीही ऑक्टोबर 2021 मध्ये, बंदीला दीड वर्ष होऊन गेल्यावर, बेट उघडायचं का हे लोकांना विचारलं गेलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश मतं नको म्हणाली. उत्पन्न नसलेल्या लोकांचा हा कौल होता. त्यात आजाराची भीती होती, बेटावरच्या लहानशा दवाखान्याची जाणीव होती. तेवढंच होतं असं मात्र मला वाटत नाही. 1888 नंतर पहिल्यांदा हे बेट पाहुण्यांसाठी कधी उघडायचं, हा प्रश्न बेटाला विचारला गेला होता, आणि नाही म्हटल्यावर ते नाही ऐकलं गेलं.

4 ऑगस्ट 2022 रोजी पहिलं प्रवासी विमान उतरलं. सुरुवातीला आठवड्याला मोजकीच विमानं. दोनच महिन्यांनी रानो राराकूच्या बाजूला वणवा लागला आणि काही मोआई तापून काळवंडले, दगडाला चिरा गेल्या. ज्वालामुखीच्या राखेचा दगड आहे तो, मऊ. एकदा भाजला की पूर्ववत होत नाही. चौक्यांवर पुरेशी माणसं नव्हती, कारण दोन वर्षं तिकिटाचे पैसेच नव्हते. बेटाच्या ओळखीचा जो पदर आपण पैशाविना तगला म्हणालो, त्याची राखण मात्र पैशाविना होत नाही. या प्रकरणातली ही अडचण मला कुठल्याही मांडणीत बसवता आलेली नाही.

कोंतीच्या मुलीचं काय

आत्तापर्यंत मी 'बेटावरची माणसं' म्हणताना रापा नुई एवढाच अर्थ धरला. पण निम्मं बेट रापा नुई नाही. मुख्य भूमीवरून वीस वर्षांपूर्वी आलेला सुतार, त्याची इथेच शाळेत गेलेली, तापातीत नाचलेली, रापा नुई मैत्रिणींबरोबर वाढलेली मुलगी: तिची नाळ कुठे पुरली म्हणायची? कायदा लागू होण्याआधीपासून राहणाऱ्यांना कायद्यानं ठेवून घेतलं आहे, हाकललेलं नाही. जमीन मात्र तिच्या नावावर कधी होणार नाही, आणि बोलण्यात ती कोंतीच राहील.

मी रापा नुईंच्या बाजूनं आहे. 111 वरून परत उभ्या राहिलेल्या माणसांनी स्वतःच्या बेटावर अल्पसंख्य होऊ नये म्हणून दार लावून घेतलं, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार मला दिसत नाही. पण या मुलीच्या ओढीला खोटं म्हणायचाही नाही. पर्यटनानंच तिच्या वडिलांना इथे आणलं. पाहुण्यांचा हिशेब करताना पर्यटक मोजले जातात, पर्यटकांसाठी खोल्या बांधायला आलेले मोजायचे राहून जातात, आणि बेटाचं गणित खरं बदलतं ते या दुसऱ्या आकड्यानं. रापा नुईंनी 2009 मध्ये धावपट्टी अडवली ती याच आकड्यासाठी. त्यांना ते अभ्यासकांच्या आधी कळलं होतं.

गावाबाहेर एक संगीतशाळा आहे, तोकी. पियानोवादक माहानी तेआवे आणि तिच्या सोबत्यांनी उभी केलेली. इमारतीच्या भिंतींत जुने टायर, बाटल्या आणि डबे आहेत, मातीनं घट्ट भरलेले. छतावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठतं, वीज सूर्याची. कुठे पुरायचा हे न कळणारा कचरा भिंतीत गेला आहे, आणि त्या भिंतींच्या आत मुलं पियानो, व्हायोलिन आणि पूर्वजांची गाणी शिकतात. कुणाची मुलं, हा प्रश्न तिथे तरी मागे पडत असावा अशी माझी आशा आहे.

तळ्यातला मोआई

हांगा रोआतल्या लोकांची या बेटासाठी एक जुनी संज्ञा आहे: ते पितो ओ ते हेनुआ. पितो म्हणजे बेंबी, आणि टोकही. हेनुआ म्हणजे भूमी. माओरी ही याच कुळातली भाषा, तिथे हाच शब्द व्हेनुआ होतो आणि भूमीबरोबर बाळाच्या वारेलाही तोच शब्द आहे. नाळ जुळणं, नाळ तुटणं हे आपल्याकडे बोलण्यात येतं. तिथे ते भूमीच्या नावातच आहे.

फेब्रुवारी 2023 मध्ये रानो राराकूच्या विवरातलं तळं आटलं होतं. ज्या तळ्यात तापातीच्या वेळी लव्हाळ्याचे तराफे वल्हवतात, तेच. पाणथळ पूर्ववत करण्याच्या कामावर आलेल्या चिलीच्या विद्यापीठांतल्या स्वयंसेवकांना तळाच्या कोरड्या गाळात एक मोआई दिसला. दीडेक मीटरचा, कुशीवर पडलेला, चेहऱ्याची ठेवण ओळखू येणारी. नोंद कुठेच नव्हती. बातमी जगभर गेली, आणि अशा बातमीनं आणखी किती तिकिटं खपली असती ते सांगायला नको. माऊ हेनुआनं सांगितलं की त्याला तिथून हलवण्याचा विचार नाही, आणि काही करायचंच झालं तर आधी सगळ्या रापा नुई समाजाला विचारावं लागेल.

मोआई आहे तिथेच मातीत राहिला.